राजघराण्यांवर फिक्शन लिहिताना सूट कशी घ्यायची, आणि बिल कोणाच्या नावावर फाडायचं नाही

शिवकाळ, पेशवाई, मुघल नाहीतर थेट इंग्लंडचे राजे, कशावरही कादंबरी किंवा वेबसिरीज लिहायला घ्या, दोन प्रकारचे लोक लगेच सल्ला द्यायला हजर होतात. एक म्हणतो इतिहासाशी काडीचीही छेडछाड नको, दुसरा म्हणतो अरे फिक्शन आहे ना, मग बिनधास्त लिही. दोघांचंही ऐकू नका. पहिल्याचं ऐकलंत तर हातात सनावळी राहणार, आणि दुसऱ्याचंच ऐकायचं असेल तर खऱ्या राजाचं नाव कशाला घेताय, सरळ एखादं काल्पनिक राज्य उभं करा ना, तिथे कोण विचारतंय.

माझी पद्धत अशी आहे की कुठलीही सूट घ्यायच्या आधी एकच विचारायचं, हे बिल कोणाच्या नावावर फाटतंय? म्हणजे सीन भारी व्हावा म्हणून मी जे बदललं त्याची किंमत कोण भरणार? तारीख दोन दिवस पुढेमागे केली तर मी भरतो, चार जाणकार शिव्या घालतील, विषय संपला. पण क्लायमॅक्सला व्हिलन हवा म्हणून एखाद्या मेलेल्या राणीच्या हातात विषाचा पेला दिला तर किंमत ती भरते, आणि ती काही खुलासा करायला येणार नाही. या दोन सुटी एकाच मापाने मोजायच्या नाहीत. बाकी पुढे जे काय सांगतोय ते सगळं यातूनच निघतं.

आनंदीबाईंचंच घ्या. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणरावाला मारलं, हे पक्कं. रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी करून राघोबादादाला दोषी धरलं, तेही पक्कं. पण कागदावर मूळ 'धरावे' होतं आणि बाईंनी 'ध' चा 'मा' केला, ही जी गोष्ट शाळेपासून आपल्याला पाठ आहे आणि जिची म्हणसुद्धा होऊन बसली, तो खाडाखोड केलेला कागद मात्र कोणाच्या हाती लागलेला नाही. तरी प्रत्येक नवा लेखक तो सीन लिहितोच कारण सीन आयता आहे, रात्र, समई, बोरू आणि एक अक्षर, यापेक्षा जास्त नाट्य कुठे मिळणार. फक्त अडीचशे वर्षं बिल एकाच बाईच्या नावावर फाटतंय.

मग काय, ती गोष्ट वापरायचीच नाही? वापरा की. पण निवेदकाच्या तोंडून नको, पात्रांच्या तोंडून वापरा. खुनानंतर चार दिवसांनी वाड्याच्या देवडीवर दोन कारकून कुजबुजतायत, एक म्हणतो बाईंनीच अक्षर फिरवलं म्हणे, दुसरा म्हणतो तू पाहिलंस का, पहिला म्हणतो मी कशाला बघायला जातोय, सगळे म्हणतायत. झालं तुमचं काम. वाचकाला दंतकथेची मजाही मिळाली आणि तुम्ही त्याखाली सही पण केली नाहीत, वर पुण्यात अफवा कशी पसरत असेल त्याचं चित्र फुकटात मिळालं. ही युक्ती जवळपास प्रत्येक दंतकथेला चालते.

याच प्रसंगातली अजून एक गंमत. 'काका मला वाचवा' म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यासमोर दहाबारा वर्षांचं पोर येतं. नारायणरावाचा जन्म १७५५ चा, म्हणजे तो १८ वर्षांचा होता, गादीवर बसलेला पेशवा होता, लग्न झालेलं होतं आणि बायको गंगाबाई गरोदर होती, सवाई माधवराव पुढच्या एप्रिलमध्ये जन्मला. आता तो सीन परत डोळ्यासमोर आणा. कितीतरी जास्त भयानक होतो की नाही? खरा तपशील शोधला तर बऱ्याचदा बनवलेल्यापेक्षा दमदार निघतो, त्यामुळे आधी शोधा आणि मग गरज पडली तरच बनवा.

कागदांची वर्गवारी आधी करा

रिसर्च म्हणजे पंचवीस पुस्तकं वाचून सगळ्यातलं थोडंथोडं उचलणं नव्हे. कोण काय म्हणतंय त्यापेक्षा कधी म्हणतंय आणि का म्हणतंय ते महत्त्वाचं. त्या काळातली पत्रं, सनदा, सुरत राजापूरच्या इंग्रज वखारीचा पत्रव्यवहार, मुघल दरबाराची अखबारं ही एका बाजूला. बखरी दुसऱ्या बाजूला. पोवाडे, घराण्यातल्या आठवणी, गडावरचे गाईड सांगतात त्या गोष्टी तिसऱ्या बाजूला. तिसरा ढीग टाकाऊ अजिबात नाही, लोकांना काय आठवावंसं वाटलं ते तिथेच कळतं, फक्त तो पहिल्या ढिगात मिसळू द्यायचा नाही.

बखरीबिखरी वाचताना लेखकाची कुंडली आधी काढायची. सभासद हा शिवाजी महाराजांच्या चाकरीतला माणूस, त्याने राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून जिंजीला बखर लिहिली, म्हणजे महाराजांना जाऊन वीस वर्षंसुद्धा झाली नव्हती. मल्हार रामराव चिटणीसाची बखर शंभरावर वर्षांनी लिहिलेली, आणि हा मल्हार रामराव बाळाजी आवजी चिटणीसांच्या वंशातला, ज्या बाळाजी आवजींना संभाजी महाराजांनी १६८१ मध्ये हत्तीच्या पायी दिलं. आता अशा घरातला माणूस संभाजी महाराजांबद्दल काय लिहिणार ते सांगायला नको. त्याच बखरीतून सोयराबाईंना भिंतीत चिणून मारल्याची कथा फिरली, आणि तिकडे कागद काय सांगतात तर महाराजांच्या निधनानंतरही त्या दीडएक वर्ष होत्या, ऑक्टोबर १६८१ मध्ये गेल्या, आणि संभाजी महाराजांच्या १६८० च्या संस्कृत दानपत्रात त्यांच्याबद्दल आदराचेच शब्द आहेत. म्हणजे या एका गोष्टीत बिल दोघांच्या नावावर फाटलं, मुलगा क्रूर आणि सावत्र आई कपटी. नाट्यगृहात टाळ्या मात्र तिसऱ्यालाच.

हे आपल्याकडेच होतं असं नाही हं. इंग्लंडचा तिसरा रिचर्ड शेक्सपिअरने कुबडा आणि वाळक्या हाताचा राक्षस करून ठेवला, ट्यूडर घराणं गादीवर होतं आणि रिचर्डला मारूनच ते घराणं आलेलं, त्यामुळे तो वाईट दिसणं सोयीचंच होतं. २०१२ मध्ये लेस्टर शहरात एका कार पार्कखाली त्याचा सांगाडा सापडला, पाठीचा कणा वाकडा होता हे खरं निघालं, पण वाळका हात वगैरे काही नाही. मारी आंत्वानेतचं 'ब्रेड नाही तर केक खा' पण तसंच, रूसोने ती गोष्ट कुठल्याशा मोठ्या राजकन्येची म्हणून लिहिली तेव्हा ही पोर ऑस्ट्रियात होती, फ्रान्समध्ये आलीही नव्हती. आणि अकबराच्या राणीला जोधा म्हणणं इतकं पक्कं झालंय की कोणी दुरुस्त करायला गेलं तर त्यालाच वेड्यात काढतात, पण अकबरनाम्यात ते नाव नाही, ती आंबेरच्या भारमलची मुलगी, मरियम उज जमानी ही तिची पदवी, आणि जोधपूरची जोधबाई म्हणजे तिची सून, जहांगीरची बायको. इथे मात्र बिल फार मोठं नाही, नाव चुकलं तरी कोणाचं चारित्र्य जात नाही, त्यामुळे लोक ओळखतात ते नाव वापरायचं असेल तर माझी फार हरकत नाही, शेवटी एक टीप टाका की झालं.

टाइमलाइन: इथेच सगळ्यात जास्त लोक आपटतात

एक शीट बनवा. एका उभ्या रांगेत सालं, बाकीच्या रांगांत प्रत्येक पात्राचं त्या त्या साली वय. बस. एवढं केलं तरी निम्म्या चुका लिहायच्या आधीच मरतात. 'ब्रेव्हहार्ट' सिनेमात विल्यम वॉलेस आणि राजकन्या इझाबेला यांचं प्रेम दाखवलंय, वॉलेसला १३०५ मध्ये मारलं तेव्हा ती जेमतेम दहा वर्षांची होती आणि फ्रान्सात होती, लग्न होऊन इंग्लंडला आली ती १३०८ मध्ये. अशी शीट कोणी बनवली असती तर, किंवा बनवली असेल आणि फेकून दिली असेल, काय माहीत.

आपल्याकडे ताराबाईंचं उदाहरण मला फार आवडतं. सगळ्यांना घोड्यावरची तरुण ताराराणी माहिती, जन्म १६७५ चा, राजाराम महाराज १७०० मध्ये गेले तेव्हा त्या पंचविशीत होत्या आणि तिथून औरंगजेबाशी लढल्या. पण त्या गेल्या कधी, तर डिसेंबर १७६१ मध्ये. म्हणजे पानिपतची बातमी त्यांनी ऐकली, नानासाहेब पेशव्याच्या मरणाची बातमीसुद्धा ऐकली. शिवाजी महाराजांची सून पानिपतानंतर जिवंत होती, हे वाचून ज्याला कादंबरी सुचत नाही त्याने दुसरं काहीतरी लिहावं.

महाराजांच्या जन्माच्या सालावरून वाद झाला हे आपल्याला माहितीच आहे, १६२७ की १६३०, आता सरकारने १९ फेब्रुवारी १६३० धरलीय. तुम्ही कुठलंही एक धरा पण मग पुस्तकभर तेच ठेवा, कारण तीन वर्षांच्या फरकाने पहिला किल्ला घेणारा राजा सोळा वर्षांचा होतो की एकोणीसचा ते बदलतं, आणि सोळाच्या मुलाचा आवाज वेगळा लिहावा लागतो.

कॅलेंडरचा घोळ वेगळाच. शके, हिजरी, त्यात इंग्रज त्या वेळी जुनं ज्युलियन कॅलेंडर वापरायचे आणि त्यांचं कागदावरचं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, त्यामुळे वखारीच्या पत्रावर फेब्रुवारी १६७३ दिसलं तर ते आपल्या हिशेबाने फेब्रुवारी १६७४ असतं. आपण शिवकाळाच्या ज्या इंग्रजी तारखा पाठ केल्यात त्या पण ज्युलियनच आहेत, आजच्या कॅलेंडरपेक्षा दहा दिवस मागे. याचा लेखकाला काय उपयोग ते पुढे सांगतो.

त्याआधी तिथीचं. तिथी म्हणजे फुकटचा लायटिंग डिझायनर. लाल महालावरचा छापा ५ एप्रिल १६६३, चैत्र शुद्ध अष्टमी. शुद्ध अष्टमीचा चंद्र अर्धा असतो आणि साधारण मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो. म्हणजे छाप्याची मंडळी हळूहळू शिरतायत तेव्हा आकाशात अर्धा चंद्र, आणि तो मावळला की मिट्ट काळोख. वर रमजानचा महिना चालू, दिवसभराचा उपास सोडून खानाची माणसं जेवून सुस्त. यातलं काहीच बनवायला लागलं नाही, पंचांगाने दिलं. आणि तरी लोक पौर्णिमेच्या चांदण्यात छापा लिहितात कारण चांदणं छान दिसतं.

एक सीन बांधून बघू

६ जून १६७४, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, रायगडावर राज्याभिषेक. १७ जूनला, ज्येष्ठ वद्य नवमीला, पाचाडला जिजाऊ गेल्या. मधे अकरा दिवस. मला या अकरा दिवसांतला मायलेकांच्या शेवटच्या भेटीचा सीन लिहायचाय असं धरू.

कागद काय देतात? हेन्री ऑक्झिंडन नावाचा इंग्रज वकील तेव्हा गडावर होता आणि त्याने बघितलेलं लिहून ठेवलंय, सिंहासनाच्या बाजूला भाल्याच्या टोकावर सोन्याचे मत्स्य, सोन्याचा तराजू, घोड्यांच्या शेपट्या, आणि दाराशी दोन लहान हत्ती बघून त्याला प्रश्न पडला की एवढ्या अवघड वाटेने हे वर चढवले कसे. बघा हं, हत्ती वर कसे आले हा प्रश्न. आपण दरबार लिहायला बसलो तर डोळे दिपवणारं वैभव, लखलखणारे हिरे असलंच काहीतरी लिहितो, आणि तिथे उभा असलेला परका माणूस हत्तीकडे बघून चक्रावलाय. असा एक तपशील मिळाला की पाच पानांचं वर्णन उडवलं तरी चालतं.

आता तो दहा दिवसांचा फरक. ६ जून म्हणजे आजच्या हिशेबाने १६ जून, आणि १७ जून म्हणजे २७ जून. कोकणात सत्तावीस जूनला काय असतं? धो धो पाऊस. म्हणून जिजाऊंचा शेवट कडक उन्हात, धुळीत लिहू नका, गडाखाली पाचाडला वाडा, ओल, वाऱ्याने विझणारे दिवे, आणि गडावरून खाली उतरायची वाट निसरडी, असं लिहा. राजा गड उतरून आईला भेटायला येतो, पालखीचे भोई जपून पाय टाकतायत. हे कुठल्या कागदात नाही पण कुठल्या कागदाच्या विरोधातही नाही.

आणि ते दोघं काय बोलले? कोणालाच माहिती नाही. इथे तुम्ही मोकळे आहात. कागद बोलतो तिथे त्याला खोटं पाडायचं नाही, कागद गप्प बसतो तिथे तुम्ही राजे. फक्त एक सांभाळा, जिजाऊंच्या तोंडी पुढच्या तीनशे वर्षांचं भाषण घालू नका. आजारी म्हातारी आई आहे ती. ती विचारेल की जेवलास का, शंभूराजे कुठे आहेत, अभिषेकाला उभं राहून पाय दुखले असतील. मोठी माणसं लहान वाक्यं बोलली की मोठी वाटतात.

याच्या पुढे अजून एक खरी गोष्ट वापरता येते. निश्चलपुरी गोसावी नावाच्या तांत्रिकाचं म्हणणं होतं की गागाभट्टांनी केलेल्या विधीत उणिवा राहिल्या म्हणून अपशकुन होतायत, आणि २४ सप्टेंबर १६७४ ला तांत्रिक पद्धतीने दुसरा राज्याभिषेक झाला. बऱ्याच कादंबऱ्या हे गाळतात, मला कळत नाही का. आई अकरा दिवसांत गेलेला राजा आणि त्याच्या कानाशी अपशकुनाची भाषा, याहून चांगला मधला अंक कोण देणार.

गप्प जागा अशाच शोधायच्या. १२ मे १६६६ ला आग्र्याचा दरबार, १७ ऑगस्टला सुटका. संभाजी महाराजांचा जन्म १४ मे १६५७ चा, म्हणजे इंग्रजी तारखेने धरा नाहीतर तिथीने, त्यांचा नववा वाढदिवस त्या आग्र्याच्या मुक्कामातच आला. त्या पोराच्या मनात काय चाललं असेल ते कुठलाच कागद सांगत नाही. लिहा, कोणाच्याच नावावर बिल फाटत नाही.

भाषा आणि वापरातल्या वस्तू

संवाद कृत्रिम संस्कृतात लिहिले की ऐतिहासिक होतात हा गैरसमज आहे. महाराजांच्या काळातली मराठी पत्रं वाचून बघा, फारसी शब्दांनी भरलेली असतात, म्हणून तर राज्याभिषेकाच्या सुमारास राज्यव्यवहारकोश करायला घेतला. याचा फायदा घ्या. १६६५ च्या सीनमध्ये मुजुमदार, सुरनीस, वाकनीस, डबीर, सरनोबत असे शब्द येऊ देत, १६७४ नंतर अमात्य, सचिव, मंत्री, सुमंत, सेनापती. आणि एखादा म्हातारा कारकून सवयीने जुनंच म्हणतोय आणि जीभ चावतोय, असं एखाद्या ठिकाणी टाका. पूर्ण जुनी भाषा लिहायच्या भानगडीत मात्र पडू नका, चार पानांत वाचक पळतो. आजचीच साधी मराठी, इंग्रजीतून आलेलं वळण नको आणि 'नक्कीच', 'प्रॉब्लेम' टाइप गोष्टी नकोत, एवढं पुरे.

संबोधनं तपासा. १६७४ च्या आधी कोणी 'छत्रपती' म्हणत असेल तर खोडा, 'राजे' म्हणा. आग्र्याहून महाराज परत आले ते राजगडावर, रायगडावर नाही, या दोन नावांची अदलाबदल इतकी होते की शेवटी फक्त तेवढ्यासाठी एकदा फाइंड मारून बघा. तानाजी पडल्यावर कोंढाण्याचं नाव सिंहगड पडलं हा पण असाच लाडका सीन, पण सिंहगड हे नाव १६७० च्या आधीच्या कागदात येतं. इथे मी म्हणेन की 'गड आला पण सिंह गेला' हे वाक्य ठेवायचं तर ठेवा, लोकांना ते हवंच असतं आणि नुकसान कोणाचं नाही, फक्त त्यातून बारशाचा सोहळा करू नका.

वेळ मिनिटात सांगू नका. घटका म्हणजे २४ मिनिटं, प्रहर म्हणजे तीन तास, एवढं लक्षात ठेवलं की 'पाच मिनिटं थांबा' असलं वाक्य पेनातून उतरत नाही. शिवकाळातल्या गडावर बटाट्याची भाजी, साबुदाण्याची खिचडी आणि चहा ठेवू नका. नाचणी, बाजरी, ज्वारी, तांदूळ, दूधतूप यात भरपूर भागतं. या चुकांचं बिल तुमच्याच नावावर, म्हणजे फक्त हसं होतं, पण बटाट्यावर हसलेला वाचक पुढे तहावर पण विश्वास ठेवत नाही.

कापायचं, जोडायचं, बनवायचं

तीन दूतांचा एक दूत करणं, सहा महिन्यांच्या वाटाघाटी एका बैठकीत बसवणं, हे बिनदिक्कत करा, त्याशिवाय दोनशे पात्रांची कादंबरी कोणी वाचणार नाही. काल्पनिक पात्रं तर हवीतच. हुजऱ्या, मशालजी, कुणबीण, मुदपाकातला पोरगा, यांच्या डोळ्यांनी राजा बघितला की राजाला न बोलतासुद्धा दाखवता येतं. पण खऱ्या माणसाचं काम काल्पनिक पात्राला देऊ नका. आग्र्याला महाराजांच्या जागी पलंगावर हिरोजी फर्जंद झोपला, ती जागा तुमच्या लाडक्या काल्पनिक हिरोला दिलीत तर हिरोजीच्या आयुष्यातली एकुलती एक जगाला माहिती असलेली गोष्ट तुम्ही काढून घेतलीत. त्या हिरोला बाहेर पेटाऱ्याजवळ उभा करा हवं तर.

न झालेल्या भेटीचं काय? इंग्लंडची पहिली एलिझाबेथ आणि स्कॉटलंडची मेरी आयुष्यात कधीच समोरासमोर आल्या नाहीत. मेरी १६ मे १५६८ ला इंग्लंडमध्ये आश्रयाला आली ती ८ फेब्रुवारी १५८७ ला शिरच्छेद होईपर्यंत तिथेच कैदेत, पण भेट नाही, पत्रंच. तरी नाटकांनी आणि सिनेमांनी त्यांना हमखास भेटवलंय. मला यात फार वाईट वाटत नाही कारण त्या पत्रांत जे होतं तेच भेटीत बोललं जातं, आणि दोघींपैकी कोणावर न केलेलं पाप येत नाही. तरी मी स्वतः असतो तर भेटवलं नसतं. एकोणीस वर्षं एकाच देशात राहून एक राणी दुसरीला भेटायचं टाळते, हे भेटीपेक्षा जास्त टोचतं.

आणि बिल फक्त व्हिलनच्या नावावर फाटतं असं नाही, हिरोची अतिस्तुती केली तरी फाटतं. अफझलखान विनोदी ढेरपोट्या केला की प्रतापगडाचं धाडस आपोआप स्वस्त होतं. पुरंदरचा तह, १६६५, तेवीस किल्ले दिले आणि बारा राहिले, हा भाग दोन ओळीत उरकणारे लेखक मला कळत नाहीत. तेवीस किल्ल्यांच्या चाव्या द्यायला लागलेला माणूस नऊ वर्षांनी सिंहासनावर बसतो, ही गोष्ट पुरंदर गाळून सांगताच येत नाही. मिर्झाराजे जयसिंगांना हुशार, अनुभवी, कसलेलं दाखवा. तो तह कोणाशी करावा लागला ते कळलं तर करणाऱ्याची कुवतही कळते.

कायद्याचं थोडक्यात. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये मेलेल्या माणसाची बदनामी पण येते, तो जिवंत असता तर त्याची अब्रू गेली असती आणि घरच्या जवळच्यांना दुखावायचा हेतू असेल तर. राजघराण्यांचे वंशज आज आहेत, आणि आपल्याकडे कोर्टाच्या आधी रस्त्यावर पण निकाल लागतो हे तुम्हाला सांगायला नको. सुरुवातीला 'ही काल्पनिक कलाकृती आहे' अशी पाटी लावली की सुटलो असं समजू नका. 'द क्राऊन'ला ब्रिटनच्या मंत्र्याने २०२० मध्ये अशी सूचना लावायला सांगितलं, नेटफ्लिक्सने तेव्हा नाही म्हटलं आणि २०२२ च्या ट्रेलरसोबत ती ओळ आलीच, पण त्याने वाद काही थांबले नाहीत, कारण वाद कुठल्या तरी ठराविक सीनवर असतो आणि पाटी सगळ्यावर सरसकट असते.

त्यापेक्षा पुस्तकाच्या शेवटी लेखकाची टीप लिहा, आणि ती खरी लिहा. 'काही ठिकाणी लेखकीय स्वातंत्र्य घेतले आहे' हे वाक्य म्हणजे काहीच न सांगणं. असं लिहा: पाचाडचा मायलेकांचा संवाद माझा आहे. मशालजी काल्पनिक आहे. वाटाघाटी सहा महिने चालल्या, मी एका रात्रीत आणल्या. 'ध' चा 'मा' ची गोष्ट लोक सांगतात, कागद मिळालेला नाही. जिथे एखाद्या खऱ्या माणसाला दोषी दाखवलंय तिथे कशाच्या आधारावर ते नाव घेऊन सांगा, आणि आधार सांगता येत नसेल तर टीप बाजूला ठेवून आधी तो सीन परत लिहायला घ्या. टीप लिहायला मात्र शेवटच्या ड्राफ्टपर्यंत थांबू नका, पहिल्या दिवसापासून एक फाइल उघडी ठेवा आणि काही बनवलं की त्यात ओळ टाका, नाहीतर वर्षभराने तुम्हालाच आठवत नाही की अमुक गोष्ट कागदातली होती की तुमच्या डोक्यातली.